माझी दांडी शिवणकाकूंकडे असते

मी एक जुना शिकंजा आहे. मित्रांनो, नाव ऐकून घाबरू नका. मी चोरांना पकडत नाही, लाकडांना पकडतो. गोंद लावून जोडलेली दोन लाकडे आपल्या लोखंडी जबड्यात दाबून धरायची आणि गोंद पक्का वाळेपर्यंत त्यांना हूं की चूं करू द्यायचे नाही, एवढेच माझे काम. तुम्ही म्हणाल, यात कसली आली गंमत? अहो, गंमतच गंमत! लाकडे बिचारी मुकाट्याने थांबतात. थांबवत नाही ते माणसांना. कोणी नखाने गोंद खरवडून बघतो, कोणी फुंकर घालतो, कोणी मला उन्हात नेऊन ठेवतो आणि लगेच विचारतो, "झालं का?" मी जबडा आवळून हा सगळा तमाशा बघत असतो आणि मला मोठी मजा वाटते.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. लालभडक रसातून साच्यात उतरलो, गार झालो, मग मला घासूनपुसून एका लांब पट्टीवर बसवले. दोन जबडे मिळाले. एक जागचा हलत नाही, दुसरा पुढे-मागे सरकतो. त्याला आटे पाडलेला एक जाड स्क्रू आणि स्क्रूच्या भोकात आडवी घातलेली एक दांडी. ही दांडी फिरवली की मी आवळतो, उलटी फिरवली की सुटतो. दांडीच्या एका टोकाची टोपी काढली की ती भोकातून बाहेर येते. ही टोपीची गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लोखंडी सामानाच्या दुकानात मी फार दिवस पडून राहिलो नाही. एक तरुण सुतार वाऱ्यासारखा आत आला, त्याने मला उचलले, दांडी दोनदा गरगर फिरवली आणि म्हणाला, "हाच!" दुकानदार दुसरे चार दाखवत होता, तिकडे त्याने बघितलेसुद्धा नाही. मी तर हरखूनच गेलो. या माणसाला सगळे आत्ताच हवे असते, हे मला त्याच्या खांद्यावर बसून जाताना कळले, कारण तो चालत नव्हता, पळत होता.

त्याचे नवेकोरे दुकान, मीही नवाकोरा. पहिले काम होते एक स्टूल. त्याने पाय बसवले, गोंद लावला, मला आवळले आणि समोर उकिडवा बसून माझ्याकडे बघत राहिला. त्याचे हात कसे शिवशिवत होते म्हणून सांगू! थोड्या वेळाने तो पुटपुटला, "नुसतं बघतो, सोडत नाही." मित्रांनो, उतावळ्या माणसाचे हे ठरलेले वाक्य आहे. नुसते बघायला आलेला हात कधी नुसते बघून परत गेलेला मी पाहिला नाही. त्याने मला सोडले, स्टूल झोकात रस्त्यावर नेऊन ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावे म्हणून त्यावर ऐटीत बसला. चारही पाय चार दिशांना गेले. सुतार मधोमध जमिनीवर!

शेजारच्या दुकानात एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. सगळे त्यांना शिवणकाकू म्हणत. त्या मशीन थांबवून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मग त्यांनी सुताराला हात देऊन उठवले आणि म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचा हात तुमचं ऐकत नाही. असं करा, ती दांडी माझ्याकडे देऊन ठेवत जा. वाळलं की घेऊन जा."

"आणि मीच मागायला आलो तर?"

"तुम्हीच तर येणार! तेव्हाच तर द्यायची नाही."

त्या दिवसापासून आमच्या दुकानाची रीतच पडून गेली. गोंद लावायचा, मला आवळायचे, टोपी काढायची आणि दांडी शिवणकाकूंकडे. त्या ती कात्रीशेजारच्या खिळ्याला टांगत. माझी दांडी तिथे रिकामी बसत नसे बरं का! काकू तिने नाड्या ओवत, जाड कापडाच्या घड्या दाबत, एकदा तर त्यांनी तिनेच उंदीर हाकलला. सुतार मधेच जाऊन गयावया करी. "काकू, फक्त पाच मिनिटं." "काकू, ऊन फार आहे, आज लवकर वाळलंय." काकू तोंडातल्या टाचण्या न काढताच मान हलवीत. मग हा हात चोळत परत येई आणि दुसरे काही रंधायला घेई. असे करता करता त्याची कामे पक्की होऊ लागली. लोक खुर्ची हलवून बघत, ती हलत नसे, आणि कोणी कोणी कौतुकाने माझ्या पाठीवरही थाप मारी. ते माझे सोन्याचे दिवस होते!

पण मित्रांनो, खोड एका दारातून गेली की दुसऱ्या दारातून आत येते. आमच्या सुताराला गोंदापुढे थांबायला जमू लागले, पण माणसापुढे मुळीच जमेना. गिऱ्हाईक दारात उभे राहिले आणि त्याने विचारले, "कधी मिळेल?" की हा लगेच म्हणे, "उद्या देतो!" गिऱ्हाइकाचा चेहरा फुले. तो फुललेला चेहरा बघायची याला इतकी घाई असे की उद्या आपल्याला काय काय करायचे आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नसे. मग उद्या उजाडे. कपाट अर्धे, पलंग उघडा, आणि दारात चार जण उभे. गल्लीत त्याचे नाव पडले उद्याशेठ!

काकू एकदा त्याला म्हणाल्या होत्या, "आजचा मिस्त्री कबूल करून मोकळा होतो, उद्याच्या मिस्त्रीला निस्तरावं लागतं. त्या बिचाऱ्याला तुम्ही कधी विचारलंत का?"

"तोही मीच ना काकू!"

"तसं वाटतं का तुम्हाला? मला तर तुम्ही त्याला ओळखतही नाही असं वाटतं."

उद्याशेठ हसला, आणि त्याच दमात रस्त्यावरच्या कोणाला तरी ओरडून म्हणाला, "हो हो, उद्या नक्की!"

त्याला एक मुलगी होती. दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती माझ्या पट्टीवर घोडा घोडा खेळायची. थोडी मोठी झाली आणि तिला तळ्यातल्या होड्यांचे वेड लागले. अरुंद होडी, दोन्ही हातांत एकेक वल्हे, एकटीने बसायचे आणि पाण्यावरून सुसाट जायचे! ती दुकानात आली की वल्हवण्याच्या गोष्टींनी लाकडाचा भुसासुद्धा उडू लागे. "बाबा, तुम्ही एकदा बघायला या ना," ती म्हणे. "उद्या येतो," बाबा म्हणे. मी मोजत बसलो नाही, पण तो एकदाही गेला नाही हे मला ठाऊक आहे, कारण तो सबंध वेळ माझ्यासमोर बसून कोणाचे तरी उशीर झालेले कपाट पुरे करत असे.

आणि मग गेल्या वर्षीची शर्यत आली. होडीत पाय रोवायची जी फळी असते, ती भिंगरीने दुरुस्तीला आणली होती. बाबा म्हणाला, "उद्या सकाळी दुकानावर ये, तयार ठेवतो." ती उजाडताच आली. दुकानाला कुलूप! आदल्या संध्याकाळी कोणाच्या तरी खिडकीला "उद्या सकाळी" म्हटले होते, तिकडे उद्याशेठ गेला होता. मी आत भिंतीवर, फळी आत टेबलावर, आणि भिंगरी बाहेर. तिने दार वाजवले, हाका मारल्या. मग आवाज थांबला. तळ्यावर होड्या तिच्याशिवाय सुटल्या. ती रडल्याचे मला ऐकू आले नाही. त्यानंतर ती दुकानात यायचीच थांबली, आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

माझेही दिवस फिरले होते. उद्याशेठने खिळे मारणारे यंत्र आणले होते. टक, टक, टक, झाली खुर्ची! गोंद नको, थांबणे नको, शिकंजा नको. मी भिंतीवर गंजत पडलो. एका कोळ्याने माझ्या जबड्यात जाळे विणले आणि तो तिथे सुखाने राहू लागला. काकूंच्या खिळ्यावर माझी दांडी आता फक्त नाड्या ओवत होती. एवढा मोठा लोखंडी गडी मी, पण कोळ्याला सांभाळत बसलो होतो!

आणि एके दिवशी दुपारी भिंगरी धावत दुकानात आली. हातात वल्हे! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ती वर्षाची शर्यत होती आणि धक्क्यावर दुसऱ्या होडीने ठोकर दिल्यामुळे तिचे वल्हे पात्यावरच्या मानेपाशी लांबलचक उभे चिरले होते. तळ्यावर दुसरे होते ते आखूड. एक वल्हे लांब आणि एक आखूड असले तर होडी जागच्या जागी गोल फिरते.

"आत्ता करून द्या," ती धापा टाकत म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. खिळे मारा, पट्टी गुंडाळा, काहीही करा."

उद्याशेठने यंत्राकडे हात नेला, आणि थांबला. वल्ह्याची मान म्हणजे जेमतेम मनगटाएवढी. खिळा मारला की ती फुटणारच. त्याने वर बघितले, थेट माझ्याकडे. मित्रांनो, माझा आनंद काय वर्णावा! कोळ्याला त्याने हळूच काढले, काकूंकडून दांडी आणली, आटे पुसले, तेलाचा थेंब सोडला, आणि मी गंजातून करकरत जागा झालो. पाण्यात न सुटणारा, दोन डब्यांतून काढून कालवायचा गोंद त्याने चिरेत अगदी खोलवर भरला. वल्ह्याला दोन्हीकडून लाकडाचे मऊ तुकडे लावले, आणि मला आवळले. बऱ्याच वर्षांनी इतके जिवंत लाकूड माझ्या जबड्यात आले होते. मी ते असे धरले, असे धरले की गोंद कडेने मण्यांसारखा बाहेर आला.

"हे उद्या सकाळपर्यंत सोडायचं नाही," तो म्हणाला. टोपी काढली, दांडी काढली आणि काकूंना देऊन आला.

"उद्या?" भिंगरी हसली. ते हसू ऐकून मला थंडी वाजली. "बाबा, तुमचा उद्या मला माहीत आहे. उद्या तुम्ही कोणाचं तरी दार बसवत असाल आणि मी कुलपासमोर उभी असेन."

उद्याशेठने रंधा उचलला आणि पुढच्या बाजूला जाऊन बसला.

संध्याकाळ होत आली. भिंगरी काकूंकडे गेली आणि तिने दांडी मागितली. "बाबांनी सांगितलंय, कोणालाही द्यायची नाही," काकू म्हणाल्या. ती परत आली. माझ्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. बोटाने गोंदाचा मणी दाबून बघितला. तो वरून टणक लागत होता. आणि मग ते शब्द! "नुसतं बघते."

तिने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि माझ्या रिकाम्या भोकात घातला. दांडी नसली तरी कशाचीही दांडी करता येते, हे इतक्या वर्षांत तिच्या बाबाला सुचले नव्हते, हिला एका संध्याकाळी सुचले! माझ्या तोंडचे पाणी पळाले. मला आतला गोंद कळत होता ना. वरून टणक, आत लोण्यासारखा. सोडले की चीर उघडणार. भिंगरी, थांब! पण लोखंड ओरडते कुठे? मी फक्त करकरलो.

आणि खरे सांगतो, मला तिचा रागही येईना. हिला काही थांबता येत नाही असे थोडेच होते? शर्यत सुटायच्या आधी होडीत श्वास रोखून बसणारी मुलगी ती. थांबून काही मिळते, असा अनुभवच तिला नव्हता. ज्याचा उद्या दरवेळी हुकतो, तो हाताला लागेल ते आजच ओढून घेणार. तिने स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांनी धरला आणि मी किंचित, अगदी केसभर ढिला झालो.

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला आला होता. मोठे गिऱ्हाईक! त्याच्या हॉटेलचे पुढचे दार निखळले होते. भिंगरीचे हात जागीच थबकले. तिने कान टवकारले, मी तर सबंध कानच झालो.

"मिस्त्री, दार पडलंय हो! उद्या सकाळी पहिल्यांदा माझं काम करायचं. कराल ना?"

उद्याशेठचे तोंड उघडले. मला तिथून दिसत होते. त्याच्या ओठांवर तो शब्द आला होता, रोजचा, सरावाचा, गोड शब्द. हॉटेलवाल्याचा चेहरा फुलायला अर्धा तयारच होता. फक्त "हो" म्हणायचे, की झाला सगळीकडे आनंदीआनंद! उद्याशेठने हातातला रंधा खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

"उद्या सकाळी नाही जमणार," तो म्हणाला.

"म्हणजे? अहो, दार उघडं आहे माझं!"

"आत्ता येऊन दोन फळ्या ठोकून बंद करून देतो. दार मात्र परवा. उद्या सकाळी मी तळ्यावर आहे. मुलीची शर्यत आहे."

हॉटेलवाल्याचा चेहरा पडला. त्याने नाक मुरडले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाला. आणि मित्रांनो, तो पडलेला चेहरा उद्याशेठने सरळ उभे राहून, डोळे न वळवता बघितला. स्टुलावरून पडला तेव्हाही तो इतका लाल झाला नव्हता. पलीकडे शिवणकाकूंचे मशीन केव्हाच थांबले होते.

माझ्या भोकातला स्क्रूड्रायव्हर हलला. भिंगरीने मला पुन्हा आवळले, होतो त्याहून थोडे जास्तच. मग तिने तो काढून जागेवर ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. पण बाबा आत आला होता आणि त्याने तिला बघितले होते. आता हा रागावणार, असे मला वाटले.

"काकू!" तो ओरडला. "दांडी हिच्या हातात द्या." मग दुकानाची किल्लीही मुलीच्या हातात ठेवत म्हणाला, "सकाळी मी उठलो नाही, विसरलो, कोणाबरोबर गेलो, काहीही झालं, तरी तू सोडू शकशील. आता माझ्यावर काही नाही. तुझ्यावर आहे."

भिंगरी दांडी आणि किल्ली घेऊन घरी गेली. काकू मला नंतर बघायला आल्या, माझ्यावरून हात फिरवला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "आज मिस्त्रीने उद्याच्या मिस्त्रीला विचारलं म्हणायचं!"

सकाळ झाली. कुलूप आतून मला दिसत नाही, पण किल्लीचा आवाज मी ओळखतो. किल्ली फिरली, आणि दारात दोघेही! बाबा पुढे, भिंगरी मागे, तिच्या मुठीत माझी दांडी. "इथे नको सोडायला," तो म्हणाला. "रस्त्यात धक्के बसतील. पाण्यापाशीच सोडू." आणि काय सांगू मित्रांनो, वल्ह्यासकट मी त्याच्या खांद्यावर चढलो. पहिल्या दिवशी आलो होतो तसाच, आणि तो पळत होता, तसाच!

तळे मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. केवढे पाणी! धक्क्यावर लोक माझ्याकडे बघून हसत होते, की ही कोण वल्ह्याला चावून बसलेली मगर? भिंगरीने दांडी भोकात घातली, टोपी बसवली आणि स्वतःच्या हाताने मला सोडले. मी श्वास रोखला. चीर कुठे होती, ते शोधावे लागले. बाबाने कडेचा गोंद तासला, त्यावर अंगठा फिरवला, आणि वल्हे तिच्या हातात दिले.

शिट्टी झाली. होड्या सुटल्या! शर्यतीचे मी तुम्हाला नीट सांगू शकत नाही, कारण उद्याशेठने मला खाली ठेवलेच नाही. तो मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून नाचत होता. त्यामुळे मला आभाळ दिसे, मग पाणी, मग आभाळ, मग कोणाची तरी टोपी. "ओढ! ओढ, भिंगरे, ओढ!" भिंगरी पाचवी होती. आभाळ. चौथी. आभाळ. वल्हे पाण्यात वाकत होते आणि दरवेळी मला आपलीच मान वाकल्यासारखी वाटत होती. टिकले, टिकले, अजून टिकले! शेवटच्या खांबाशी ती तिसरी आली, आणि आमच्याकडे असा आरडाओरडा झाला की पहिल्या आलेल्या मुलीचे वडील वळून बघू लागले.

भिंगरी धक्क्यावर आली. दमलेली, भिजलेली, लालबुंद. तिने वल्ह्याची मान चाचपली, मग बाबाकडे बघितले. "उद्या सराव आहे," ती म्हणाली. "याल?"

पुन्हा तोच प्रश्न! समोर तोच फुलायला तयार चेहरा, आणि या वेळी तर स्वतःच्या लेकीचा. बाबाचे तोंड उघडले. मी त्याच्या हातात होतो, त्याची बोटे माझ्याभोवती आवळली. तो थांबला. खरोखर थांबला, गोंद वाळायला थांबतात तसा. मनातल्या मनात त्याने उद्याचा दिवस उलगडून बघितला असणार.

"उद्या नाही गं," तो म्हणाला. "उद्या हॉटेलवाल्याचं दार बसवायचं आहे. रविवारी येतो."

आणि भिंगरी हसली. आदल्या दुपारचे ते हसू नव्हे. हे हसू आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदमच आले. आजवर तिला हजार वेळा होकार मिळाला होता आणि तिने एकावरही विश्वास ठेवला नव्हता. या एका नकारावर तिचा लगेच विश्वास बसला.

मित्रांनो, आता मी पुन्हा कामाला लागलो आहे. आटे झिजलेत, गंजाचे डाग आहेत, पण मला तेल मिळते आणि कोळ्याने दुसरे घर शोधले आहे. म्हणून तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी भिंतीवर पडले असेल, तर त्याला एक थेंब तेल द्या. तुमचे हात शिवशिवू लागले, तर एखादी शिवणकाकू शोधा आणि दांडी तिच्याकडे देऊन टाका. आणि समोरच्याचा चेहरा फुलावा म्हणून पटकन "उद्या" म्हणायच्या आधी, त्या उद्यामध्ये कोण उभे असेल ते एकदा बघा. दुसऱ्याला थांबायला शिकवायचे असेल, तर त्याला दिलेला उद्या सांभाळा.

आणि हो, रविवारचे सांगायचे राहिलेच! रविवारी सकाळी कोणीतरी घाईघाईने आले, दार वाजवले, हाका मारल्या, "मिस्त्री! अहो उद्याशेठ!" आत मी भिंतीवर एकटाच होतो आणि आनंदाने मला गप्प राहवत नव्हते. दुकानाला कुलूप होते.